जंगी पलटण जपानात

जंगी पलटण मुंबईत उभी राहिली ती 1768 मध्ये, कंपनी सरकारच्या ठाण्यांचे रक्षण करायला. पुढे तीच पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली. एप्रिल 1945 मध्ये इटलीतल्या सेनिओ नदीवर तिच्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून पाठीवर वाहून आणले, शत्रूच्या मशीनगन गप्प केल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

वर्षभरात हीच पलटण हरलेल्या जपानवर ताबा ठेवायला गेली.

ती ज्या ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेत होती, तिचे मुख्य ठाणे हिरोशिमाजवळच्या कुरे बंदरात होते. तिथे लढाई नव्हती. दारूगोळ्याचे साठे नष्ट करायचे, परदेशांतून परतणाऱ्या जपानी सैनिकांच्या बोटी उतरवून घ्यायच्या, किनाऱ्यावर गस्त घालायची. टोकियोत सम्राटाच्या राजवाड्यावर भारतीय तुकड्यांनीही पाळीने पहारा दिला. स्थानिक लोकांत मिसळू नका, असा सक्त हुकूम होता. जेत्याची ही भूमिका आपल्या जवानांना दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी वठवावी लागली, हे विसरता येत नाही.

स्वातंत्र्य मिळाले आणि 1947 सरण्याआधी भारतीय फौज परतली. मागे उरले टोकियोतले छोटे संपर्क कार्यालय. जपान तेव्हा सार्वभौम नसल्याने कार्यालयाचा व्यवहार ताबा ठेवणाऱ्या फौजांचे अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांच्या मुख्यालयाशीच चाले. या कार्यालयाची धुरा वाहिलेले बेनेगल रामा राव पुढे फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले.

जपानशी शांतता तह करण्यासाठी भरलेल्या 1951 च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला नेहरूंनी भारताचा प्रतिनिधी पाठवला नाही. अमेरिकी फौज जपानात राहणार असेल तर तो बरोबरीचा तह कसा, हा त्यांचा एक आक्षेप होता. 28 एप्रिल 1952 ला जपान सार्वभौम झाला. त्याच दिवशी भारत आणि जपानचे राजनैतिक संबंध जुळले आणि 9 जूनला टोकियोत स्वतंत्र तह झाला. भारताने युद्धाची भरपाई सोडली, इथली जपानी मालमत्ताही परत द्यायचे कबूल केले.

मुंबईला हे सोपे नव्हते. युद्धाआधी जपानी पेढ्या इथला कापूस उचलत आणि तिथल्या गिरण्यांचे स्वस्त कापड परळ-लालबागच्या मालाला बाजारात मागे रेटत असे. 1933 मध्ये सरकारने ब्रिटिश नसलेल्या परदेशी कापडावरची जकात 75 टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानी गिरणीवाल्यांनी भारतीय कापसावरच बहिष्कार घातला. एवढे वैर आठवणीत असताना भरपाई सोडणे हा शहाणपणाचा निर्णय होता. त्यात हरलेल्या देशाचा मान राखला गेला.

1958 मध्ये जपानने परदेशाला येनमधले पहिले सरकारी कर्ज दिले, ते भारताला. गिरगाव आणि दादरच्या खालून जाणारी भुयारी मेट्रो 3 सुद्धा जपानी कर्जाच्या मदतीनेच बांधली गेली आहे.