ओहायोतला वकील आणि विमानाचे तिकीट

अमेरिकेत विमान कंपनीने जाहिरातीत तिकिटाची किंमत दिली, तर कर आणि सक्तीचे सगळे आकार धरून होणारी एकूण रक्कमच द्यावी लागते. 26 जानेवारी 2012 पासून हे सक्तीने लागू आहे. न्यू जर्सीत बसून मुंबईचे तिकीट शोधणाऱ्या मराठी माणसाला पहिल्याच पानावर पुरता आकडा दिसतो, तो यामुळे.

या नियमाची रूढ वंशावळ सरळ आहे. 1938च्या विमान वाहतूक कायद्यात फसव्या व्यवहारांना बंदी घालणारे कलम आले, 1978मध्ये भाडी सरकारी नियंत्रणातून सुटली, आणि डिसेंबर 1984मध्ये, स्वतः बरखास्त होण्याच्या तोंडावर, नागरी विमान वाहतूक मंडळाने ‘जाहिरातीत पूर्ण किंमत द्या’ असा नियम केला. पुढे मंडळाचे अधिकार वाहतूक खात्याकडे गेले. हे सगळे खरे आहे, पण नियम कोर्टात का टिकला ते यातून कळत नाही. तो टिकला एका वकिलामुळे.

फिलिप झाउडरर हा ओहायोतल्या कोलंबसचा वकील. 1982 साली त्याने राज्यातल्या 36 वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. डालकन शील्ड या गर्भनिरोधक साधनामुळे इजा झालेल्या स्त्रियांनी आपल्याकडे यावे, भरपाई मिळाली नाही तर वकिलाची फी द्यावी लागणार नाही, असे तीत म्हटले होते. जाहिरातीमुळे 106 स्त्रियांचे दावे त्याच्याकडे आले. मात्र दावा हरल्यास फी माफ असली, तरी दाव्याचा खर्च अशिलाच्या अंगावर पडू शकत होता, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख नव्हता. ओहायोने त्याला जाहीर ठपका दिला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मे 1985मध्ये न्यायालयाने जाहिरातीतले चित्र आणि सल्ला यांना संरक्षण दिले, पण खर्चाबद्दलचे मौन शिक्षेस पात्र ठरवले. फी आणि खर्च यांतला फरक सामान्य माणसाला ठाऊक नसतो. त्यामुळे फसगत टाळण्यासाठी जाहिरातदाराला साधी, निर्विवाद वस्तुस्थिती सांगायला लावता येते, असा तो दंडक.

आता फीच्या जागी भाडे ठेवा आणि खर्चाच्या जागी कर. 1984च्या नियमातून वाहतूक खात्याने पुढे एक पळवाट राहू दिली होती. टक्केवारीचे कर किमतीत धरायचे, पण दर प्रवाशामागे ठरावीक रकमेने घेतलेले सरकारी आकार तळटीपेत वेगळे दाखवले तरी चालत. मग 1990च्या कायद्याने विमानतळांना प्रवाशांकडून आकार घ्यायची मुभा मिळाली, 2001च्या हल्ल्यांनंतर सुरक्षा शुल्क आले, आणि तळटीप फुगत गेली.

एप्रिल 2011च्या नियमाने ती पळवाट बुजवली. कर वेगळे दाखवायला आडकाठी नव्हती, फक्त ते एकूण रकमेइतके ठळक नकोत. स्पिरिट, अलीजियंट आणि साउथवेस्ट या कंपन्या कोर्टात गेल्या. सरकार किती कर घेते हे ठसठशीत सांगणे हा आमचा भाषणस्वातंत्र्याचा हक्क, हे त्यांचे म्हणणे. त्यांना कसोटी हवी होती 1980च्या सेंट्रल हडसन या वीज कंपनीच्या खटल्यातली, कारण ती सरकारला बरीच जड जाते. जुलै 2012मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने 2 विरुद्ध 1 मताने कंपन्यांची मागणी फेटाळली. न्यायमूर्ती टेटल यांनी कसोटी निवडली झाउडररची.

मूळ नियम झाउडरर निकालाच्या पाच महिने आधीचा, मग तो निकाल पूर्वज कसा, हा आक्षेप वजनदार आहे. पण 1984चा नियम पळवाटेसकट जगला. आजचा कडक नियम तगला तो त्या निकालाच्या आधारावर. आणि दोन्ही घराण्यांची मुळे शेजारीच आहेत. वकिलांना नेहमीच्या कामांच्या फीची जाहिरात करायला सर्वोच्च न्यायालयाने 1977मध्ये मोकळीक दिली, विमानभाडी मोकळी झाली 1978मध्ये. ग्राहकाला अर्धीच किंमत सांगण्याचा मोह दोन्ही धंद्यांत त्या मोकळिकीतूनच आला, अशी माझी खात्री आहे.

कोर्टात हरल्यावर विमान कंपन्यांपुढे वाट उरली संसदेची. करांविना भाडे ठळक छापू देणारे विधेयक जुलै 2014मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले. सिनेटमध्ये ते अडले, ते अडलेच.