१२६३ : रंगाच्या डब्यावरच्या चार आकड्यांची कुळकथा

ऑइलपेंटच्या किंवा थिनरच्या मोठ्या डब्यावर, कंपनीच्या नावापासून बाजूला, टोकावर उभा केलेला एक लाल चौकोन असतो. आत ज्वाळा, खालच्या टोकाशी ३ हा आकडा आणि जवळच ‘यूएन १२६३’. गिऱ्हाईक शेड बघते, दुकानदार किंमत बघतो. ही खूण मात्र आहे ती डबा पेटला तर विझवायला धावून येणाऱ्या परक्या माणसासाठी.

तिचा मूळपुरुष म्हणजे एक छोटा कप. रॉकेलचे दिवे घरोघर आले, तेव्हा हलक्या तेलाची भेसळ झालेले रॉकेल भडकून माणसे भाजू लागली. कोणते तेल किती धोक्याचे, हे मोजायचे कसे? ब्रिटिश युद्धखात्याचे रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक एबल यांनी त्यासाठी झाकणाचा कप तयार केला. त्यात तेल घ्यायचे, भोवतीच्या पाण्याने सावकाश तापवायचे आणि मधूनमधून झाकणाची फट उघडून बारीक ज्योत आत दाखवायची. ज्या तापमानाला वाफ भपकन पेट घेते, तो त्या तेलाचा फ्लॅश पॉइंट. १८७९च्या ब्रिटिश कायद्याने ही चाचणी स्वीकारली आणि सीमा घातली ७३ अंश फॅरनहाइटची, म्हणजे जवळपास २३ अंश सेल्सिअसची. आपल्या पेट्रोलियम कायद्यातला ‘अ’ वर्ग आजही २३ अंशांच्या खालचाच आहे. मुंबईची दुपार वर्षभर त्याहून गरम असते. थिनरचे झाकण उघडे राहिले, की पेटण्याजोगी वाफ तयारच असते.

धोका मोजता आला, तरी तो सगळ्यांना कळवायची एक रीत नव्हती. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकाच जहाजात होती. दोन स्फोट झाले, आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ला अमेरिकेतल्या टेक्सास सिटी बंदरात ‘ग्रँडकँप’ जहाज पेटले. आत सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट होते. ते खत म्हणून चालले होते. त्या दुर्घटनेत किमान ५८१ माणसे मेली, आणि त्यांत गावच्या अग्निशमन दलातला जवळजवळ प्रत्येक जण होता.

देशोदेशी नियम होते, पण एका बंदराची खूण दुसऱ्याला कळत नव्हती. संयुक्त राष्ट्रांनी १९५३मध्ये तज्ज्ञांची समिती नेमण्याचे ठरवले, आणि १९५६मध्ये तिच्या पहिल्या शिफारशी आल्या. मुखपृष्ठाच्या रंगावरून त्या ग्रंथाला पुढे ‘ऑरेंज बुक’ म्हणू लागले. धोकादायक मालाचे नऊ वर्ग ठरले आणि मालाला चार आकडी क्रमांक मिळाले. पेट्रोल १२०३, क्लोरीन १०१७. पेट घेणाऱ्या द्रवांचा वर्ग तिसरा. रंग, लॅकर, व्हार्निश, इनॅमल आणि त्यांत घालायचे थिनर, हे सारे कुटुंब १२६३ या एकाच क्रमांकाखाली आले. समुद्रवाहतुकीची संहिता १९६५मध्ये त्याच पायावर उभी राहिली.

भारतात १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ही खूण रस्त्यावर आणली. धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर वर्गाचे चिन्ह २५० मिलिमीटरचे हवे. मालाचे नाव, क्रमांक आणि आणीबाणीचा फोन नंबरही हवा. कडेला उलटलेला टँकर लांबूनच ओळखता यावा आणि पाणी मारायचे की फोम, हे जवळ जाण्याआधी ठरावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. मालाची खरी माहिती ट्रान्सपोर्टवाल्याला द्यायची जबाबदारी नियमांनी माल पाठवणाऱ्यावर टाकली आहे.

गोडाऊनमध्ये या खुणेचा अर्थ अगदी रोजचा आहे. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपाशीही पोचते. म्हणून हवा खेळायला झरोके खालीही हवेत आणि स्विच ठिणगी बाहेर न पडू देणारे हवेत. गाडीच्या पुटीसोबत येणाऱ्या हार्डनरच्या ट्यूबमध्ये बहुधा ऑरगॅनिक पेरॉक्साइड असते. त्याचा वर्ग ५.२, आणि तो थिनरच्या शेजारी ठेवायचा नसतो. दोन्हींवरचे चौकोन वेगळे आहेत ते याचसाठी.

भाड्यातले चार पैसे वाचवायला बिल्टीवर ‘घरसामान’ लिहून थिनर पाठवले, की व्हिक्टोरिया गोदीतल्या जवानांची वेळ आपण दुसऱ्या कोणावर तरी आणतो. खरे नाव आणि क्रमांक लिहायला एक ओळ पुरते. रंगाचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने ती लिहिलीच पाहिजे.