दहाव्या क्रमांकाची खूण

लेखनाच्या इतिहासात अक्षरांचा जितका विचार झाला, तितका अक्षरांमधील मोकळ्या जागेचा झालेला नाही. वस्तुतः ओळ कोठे संपवावी हे ठरविणे, हाही लेखनाचाच एक भाग होय. हाताने लिहिणारास त्यासाठी वेगळी खूण करावी लागत नाही. कागदाची कड आली किंवा आशय पुरा झाला, की लेखणी आपोआप खाली उतरते. यंत्राला मात्र ही गोष्ट सांगावी लागते. ती सांगण्याच्या खटाटोपातूनच संगणकीय तक्त्यातील एका लहानशा सूत्राचा उगम झाला आहे.

टंकलेखन यंत्रावर ओळ संपली म्हणजे टंकलेखक दांडी ओढीत असे. त्या एका हिसक्यात दोन कामे होत: कागद एक ओळ वर सरके आणि यंत्राची गाडी ओळीच्या आरंभाशी परत येई. परंतु तारेवरून दूरच्या यंत्राकडून मजकूर छापून घ्यावयाचा, तर तेथे दांडी ओढणारा हात कोठून आणावा? फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी 1874 मध्ये आपल्या तारायंत्र-पद्धतीचे पेटंट घेतले होते. न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरे यांनी 1901 च्या सुमारास बोदोंच्या संकेतलिपीची फेररचना केली, तेव्हा गाडी परत आणण्याचा आणि ओळ सरकविण्याचा असे दोन स्वतंत्र संकेत तीत आले. पुढे 1963 साली अमेरिकेत ‘आस्की’ ही प्रमाण संकेतावली ठरली. तीत ओळ सरकविण्यास 10 आणि गाडी परत आणण्यास 13 हे क्रमांक मिळाले.

कालांतराने गाडी गेली, दांडी गेली. संकेत मात्र उरले. त्यांच्या वारसांत एकमत नव्हते. युनिक्सने केवळ 10 स्वीकारला, 1984 च्या मॅकिंटॉशने केवळ 13, तर 1981 च्या एमएस-डॉसने दोन्ही ठेवले.

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचा ‘व्हिसिकॅल्क’ हा संगणकीय तक्ता 1979 मध्ये आला, आणि 1985 मध्ये ‘एक्सेल’ आले. एका घरात एकच माहिती, ही अशा तक्त्याची शिस्त. नाव एका घरात, गाव दुसऱ्यात, जिल्हा तिसऱ्यात. म्हणूनच हजारो नोंदी क्षणात अकारविल्हे लागतात. पण पोस्टमनला तक्ता नको असतो, पत्ता हवा असतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा अंकी पिनकोड पद्धती 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. तो अंक, गाव आणि नाव एकाच ओळीत कोंबले, तर वाचणाऱ्याचा डोळा अडखळतो.

विखुरलेली घरे जोडण्यास & हे चिन्ह पुरते; परंतु ते शब्दांना नुसते चिकटवते. दोन घरांच्या मध्ये कॅर(10) हे पद घातले, की तेथे ओळ तुटते. त्यासाठी घराला ‘रॅप टेक्स्ट’ ही मुभा द्यावी लागते. ती नसेल तर खूण असूनही ओळ तुटलेली दिसत नाही, आणि सूत्र चुकले असा समज होतो. 2019 च्या एक्सेलमधील ‘टेक्स्टजॉइन’ हे कार्य ही खूण एकदाच सांगून सर्व घरे जोडते. रिकामी घरे वगळण्यास त्याला सांगता येते. मग पत्त्यात विनाकारण कोरी ओळ पडत नाही.

या सोयीत एक धोकाही आहे. ‘क्लीन’ हे कार्य न छापली जाणारी चिन्हे काढताना 10 ही पुसून टाकते. उलट, असा तक्ता स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या फाइलीत उतरविला आणि ती वाचणाऱ्या प्रणालीने अवतरणचिन्हांची दखल घेतली नाही, तर घरातील ओळतोड तिला नोंदीचा शेवट वाटते. एका माणसाच्या दोन अर्धवट नोंदी होतात: एकीत गावावाचून नाव, दुसरीत नावावाचून गाव. अशा यादीवरून धाडलेले निवृत्तिवेतनाचे पत्र योग्य दारी पोहोचेल, याची शाश्वती नाही.

म्हणून मूळ दफ्तरात माहितीचे घटक वेगवेगळ्याच घरांत राखावेत, आणि ओळ तोडून त्यांची जुळणी छपाईच्या वेळी, निराळ्या रकान्यात करावी. दफ्तर टिकते ते घटक सुटे असल्याने. पत्र पोहोचते ते ओळी योग्य जागी तुटल्याने. या दोन गरजांची गल्लत ज्या कार्यालयात होत नाही, तेथील याद्यांत नागरिकाचे नाव आणि गाव यांची ताटातूट होत नाही.