बर्डी, कछार आणि खारपाण : मातीच्या नावांचा इतिहास

सीताबर्डी या नावाची उपपत्ती सांगताना शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन गवळी पुरुषांची आख्यायिका नागपुरात सांगितली जाते. या दोन नावांच्या जोडणीतून प्रथम ‘शीतलाबद्री’ आणि पुढे ‘सीताबर्डी’ असे रूप झाले, असे तिचे तात्पर्य. ही कथा मनोरंजक असली, तरी तिची आवश्यकता भासू नये असा एक शब्द नागपूर प्रांतातील शेतकऱ्यांच्या तोंडी पूर्वीपासून आहे. मुरमाड, खडकाळ आणि उथळ अशा उंचवट्यावरील जमिनीस येथे ‘बर्डी’ म्हणतात. मराठीतील ‘बरड’ हे विशेषण त्याच कुळातील होय. ज्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांच्यात निर्णायक लढाई झाली, तिचे नाव मुळात तिच्या मातीवरून पडले असावे, हा तर्क अधिक सरळ आहे.

याच टेकडीने भूविज्ञानाच्या इतिहासातही स्थान मिळविले. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी नागपूरच्या परिसरातील खडक आणि जीवाश्म यांवरील आपला निबंध १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पायथ्याशी पट्टिताश्म, वरती असिताश्माचे थर आणि त्या थरांच्या मध्ये गोड्या पाण्यात साचलेल्या गाळाचा पट्टा, असा सीताबर्डीचा क्रम त्यांनी उलगडून दाखविला. माती कोणत्या खडकापासून उपजली, हा त्यांच्या दृष्टीचा मुख्य प्रश्न होता. शेतकऱ्याच्या ‘बर्डी’ या शब्दात मात्र उत्पत्तीचा विचार नाही. नांगर किती खोल जाईल, पाणी किती दिवस टिकेल आणि कोणते पीक पदरात पडेल, एवढेच तो शब्द सांगतो.

जमीनमहसुलाच्या निमित्ताने या लोकशब्दांना सरकारी दप्तरात प्रवेश मिळाला. मध्यप्रांतात जे. बी. फुलर यांनी आखलेल्या पद्धतीनुसार १८९० नंतरच्या काही वर्षांत आर. एच. क्रॅडॉक यांनी नागपूर जिल्ह्याची जमाबंदी केली. काळी, मोरंड, खरडी, बर्डी, रेताडी, कछार हे शब्द तेव्हा आकारणीचे वर्ग बनले. काळी म्हणजे खोल, चिकण आणि ओल धरून ठेवणारी. मोरंड तिच्याहून हलकी, बहुधा चुनखडीचे खडे असलेली. खरडी उथळ व करड्या रंगाची. बर्डी सर्वांत खालची. कछार ही नदीकाठची गाळाची जमीन. संस्कृत ‘कच्छ’ या जलप्राय भूमीच्या वाचक शब्दाशी तिचे नाते उघड आहे. या पद्धतीचा गुण असा, की ती मातीच्या नावावरच थांबत नसे. शेत सपाटीवर आहे की उतारावर, सखल आहे की बांधबंदिस्तीचे, याचाही हिशेब तीत धरला जाई.

शेजारच्या वऱ्हाडात निराळीच पद्धत चालली. १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या या प्रदेशाची मोजणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली. त्या धर्तीचा पाया गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने घातला होता. तीत मातीचा रंग व पोत आणि तिची खोली पाहून सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती ठरविल्या जात. चुनखडी, वाळू, उतार, पाण्याचा लोंढा इत्यादी सात दोष धरून प्रत उतरविण्याची सोय होती, आणि पाणी मुरू न देणारी माती हाही त्यांपैकी एक दोष होता. परंतु खोलीची गणना पावणेदोन हातांवर संपत असे. तेवढी खोल आणि एकसारख्या पोताची काळी माती आढळली, की ती उत्तम प्रतीची ठरे.

या मर्यादेचा अर्थ पूर्णा नदीच्या खोऱ्यात स्पष्ट होतो. गाविलगडच्या डोंगररांगेच्या दक्षिणेस अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेने वाहून आणलेल्या गाळाचा मोठा प्रदेश पसरला आहे. वरून पाहता ही माती खोल, काळी आणि कपाशीस योग्य अशीच दिसते. पण तिच्यातील विहिरींचे पाणी खारट असते. पूर्वी अकोल्याच्या उत्तरेस अशा विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जात असे. सुमारे ४.६९ लाख हेक्टरांच्या या प्रदेशास लोक ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. येथे शब्दाची घटना लक्षात घेतली पाहिजे. ‘खारपाण’ या समासाचे उत्तरपद ‘पाणी’ हे आहे, ‘माती’ नव्हे. काळी, खरडी, बर्डी ही नावे नांगराच्या फाळाला लागणाऱ्या थराची आहेत. खारपाण हे नाव विहीर खणणाऱ्याने दिलेले आहे. पावणेदोन हातांखाली जे होते, त्याची नोंद मोजणीदाराच्या प्रतीत नसली, तरी लोकभाषेत होती.

विसाव्या शतकातील मृदाविज्ञानाने या नावाची यथार्थता दाखवून दिली. येथे वार्षिक पाऊस साधारणतः ७०० ते ८५० मिलिमीटर, उतार अत्यल्प आणि निचरा मंद. अशा कोरड्या हवामानात मातीतील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने साक्याला बसते आणि चिकणकणांवर सोडियमचे प्रमाण वाढते. सोडियमयुक्त चिकणमाती ओली झाली की फुगते, तिचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी खाली उतरत नाही. अमेरिकेतील क्षारजमीन प्रयोगशाळेने १९५४ साली विनिमयक्षम सोडियमाची १५ टक्के ही मर्यादा घालून दिली होती. पूर्णेच्या खोऱ्यातील जड चिकणमातीत त्यापेक्षा पुष्कळच कमी प्रमाणातही निचरा बिघडतो, असे आढळून आले. १९७६ साली स्थापन झालेल्या आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेमुळे, तसेच अकोल्याच्या कृषी विद्यापीठामुळे या प्रश्नाचा अभ्यास विदर्भातच होऊ शकला.

कोरड्या प्रदेशातील गाळाचा हा स्वभाव केवळ वऱ्हाडचा नव्हे. अरवलीत उगम पावून कच्छच्या रणात लुप्त होणाऱ्या लुणी नदीचे नाव ‘लवण’ शब्दावरून आले आहे. बालोतऱ्यापर्यंत तिचे पाणी गोडे आणि त्यापुढे खारे असते. नदी गाळाबरोबर क्षारही आणते, आणि ते धुऊन नेण्याइतका पाऊस नसेल तर ते तेथेच साठतात. मराठीत मात्र सखल जमिनीस ‘लवण’ म्हणतात, तो शब्द ‘लवणे’ म्हणजे वाकणे या क्रियापदाशी संबद्ध दिसतो. दोन्ही शब्दांचे रूप एक असले तरी मूळ भिन्न आहे.

या जमिनीचा उपयोग तिच्या नावाशी सुसंगत राहिला, तोपर्यंत ती शेतकऱ्यास पोसत आली. खरिपात कपाशी, ज्वारी, तूर, मूग, आणि रब्बीत मुरलेल्या ओलीवर हरभरा, ही तेथील कोरडवाहू रीत होय. विहिरीचे खारे पाणी शेतास देणे म्हणजे सोडियमात भर घालणे. म्हणून पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठविणे, जिप्समचा वापर करणे आणि निचऱ्याचे चर खणणे, हे उपाय सुचविले गेले. जमीन काळी म्हणून ती ओलितास योग्य, असे अनुमान येथे शेतकऱ्याची कित्येक वर्षांची मेहनत बुडवू शकते.

हिस्लॉपने मातीचे मूळ पाहिले, जमाबंदीने तिचे उत्पन्न पाहिले, प्रयोगशाळेने तिचे घटक पाहिले. लोकभाषेची नावे या तिहींपैकी कोणत्याही एका कसोटीला पूर्णपणे उतरत नाहीत, कारण ती कधी रंगावरून, कधी उंचीवरून, तर कधी पाण्यावरून पडलेली आहेत. परंतु ज्या ठिकाणी जो गुण निर्णायक, त्याच गुणाने तेथील जमीन ओळखली गेली, हे त्यांच्या विसंगतीमागील सूत्र होय. गावोगावच्या मातीच्या नावांचा संग्रह हा म्हणूनच बोलीविज्ञानाइतकाच कृषिइतिहासाचाही विषय ठरतो. ती नावे वापरणारी पिढी आहे, तोवरच तो संग्रह होणे शक्य आहे.