फोर्ट विल्यम ते श्रीरामपूर : मागांचे, मुद्रणाचे आणि गिरण्यांचे गाव

कोलकात्याच्या फोर्ट विल्यम या किल्ल्याचे नाव आता ‘विजयदुर्ग’ झाले आहे. भूदलाच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेल्या या किल्ल्यास सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आपल्या जलदुर्गाचे नाव देण्याचा निर्णय २०२४ च्या अखेरीस झाला. त्याच्या एका दरवाजासही शिवछत्रपतींचे नाव मिळाले. ही वार्ता मराठी मनाला सुखावून गेली. मात्र फोर्ट विल्यम आणि मराठी भाषा यांचा संबंध याहून सव्वादोनशे वर्षे जुना आहे. तो पुस्तकांमुळे जुळला, आणि ती पुस्तके ज्या गावात छापली गेली ते गाव विणकरांचे होते.

१७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणला होता. तो ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला. त्याच शहरात साठेक वर्षांनी इंग्रज अधिकारी मराठीचे धडे गिरवू लागले, हा इतिहासाचा विनोदच म्हणावा लागेल. गव्हर्नर जनरल वेलस्ली याने १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. नाव किल्ल्याचे असले तरी त्याचे वर्ग शहरात भरत. तेथे विल्यम कॅरी १८०१ मध्ये बंगाली आणि संस्कृतचे अध्यापक म्हणून नेमले गेले आणि पुढे मराठीचे अध्यापनही त्यांच्याकडे आले. दर आठवड्यास ते होडीने हुगळी नदीतून कोलकात्यास येत आणि शिकवणे आटोपले की पुन्हा आपल्या गावी, श्रीरामपुरास परतत.

हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातले नव्हे. कोलकात्याच्या उत्तरेस वीस-पंचवीस किलोमीटरवर, हुगळीच्या पश्चिम तीरावर ते वसले आहे. सुती आणि रेशमी कापडाच्या ओढीने डॅनिश व्यापारी १७५५ मध्ये तेथे आले. त्यांनी आपल्या राजाच्या नावावरून गावाला ‘फ्रेडरिक्सनगर’ म्हटले, पण लोकांच्या तोंडी श्रीरामपूर हेच राहिले. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नसे. त्यामुळे कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी डॅनिशांच्या आश्रयाने १८०० मध्ये येथे छापखाना काढला. कॅरी मूळचे चर्मकाम करणारे, मार्शमन शाळामास्तर, तर वॉर्ड मुद्रक.

कॅरींचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये येथून बाहेर पडला. पाठोपाठ ‘सिंहासनबत्तिशी’, ‘हितोपदेश’ आणि ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ ही मराठी गद्य पुस्तके मोडी टंकांत छापली गेली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. या सर्व कार्याचे श्रेय एकट्या कॅरींच्या पदरी घालण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ती न्याय्य नाही. मराठीचा खरा आधार होते कॉलेजातील पंडित वैजनाथ शर्मा. अक्षरांचे साचे कोरले ते पंचानन कर्मकार या धातुकारागिराने आणि त्याच्या मागे त्याचा जावई मनोहर याने. देवनागरीतील जोडाक्षरांसह शेकडो पोलादी ठसे हाताने कोरायचे, तेही डाव्या-उजव्याची उलटापालट सांभाळून! ११ मार्च १८१२ रोजी छापखान्यास आग लागली, कागद जळाला, टंक वितळले. परंतु मूळ ठसे राखेतून शाबूत निघाले आणि अल्पावधीत काम पुन्हा सुरू झाले.

गावात वाफेचे यंत्र आले तेही कागदासाठी. १८२० साली इंग्लंडातील बोल्टन येथून बारा अश्वशक्तीचे एंजिन आणून कागदाच्या कारखान्यास जोडण्यात आले. हे आगीवर चालणारे नवल पाहण्यास लोकांची रीघ लागली. बोल्टन म्हणजे लँकाशायरच्या सूतगिरण्यांचे शहर. ज्या वाफेने श्रीरामपुरात पुस्तकांचा कागद स्वस्त केला, तीच वाफ बोल्टनच्या आसपास सूत कातून बंगालच्या बाजारात ओतत होती.

त्याचा परिणाम याच छापखान्याच्या ‘समाचार दर्पण’ या बंगाली वृत्तपत्राने १८२८ मध्ये छापला. शांतिपूरच्या एका विधवेचे ते पत्र आहे. चरख्यावर सूत कातून तिने तीन मुलींचे संगोपन केले, त्यांची लग्ने केली, सासऱ्यांचे उत्तरकार्य केले. विणकर दारी येऊन सूत घेऊन जात. पुढे विणकर येईनासे झाले. तिने सूत बाजारात धाडले, तर चौथाई भावानेही कोणी घेईना. चौकशी करता कळले की बाहेरून सूत आले आहे. आपल्या देशातील यंत्रयुगाच्या इतिहासात या बाईच्या पत्राइतका बोलका कागद क्वचितच सापडेल. शंभर वर्षांनी गांधीजींनी त्याची आठवण काढली.

डॅनिशांनी १८४५ मध्ये गाव इंग्रजांस विकले. १८५४ च्या १५ ऑगस्टला हावडा–हुगळी आगगाडी धावली आणि श्रीरामपूर रेल्वेवर आले. पुढच्याच वर्षी लगतच्या रिशडा येथे जॉर्ज ॲकलंड यांनी बिश्वंभर सेन यांच्या भांडवलाच्या साहाय्याने तागाचे सूत कातणारी पहिली गिरणी उभी केली. क्रिमियाच्या युद्धामुळे रशियाचे अंबाडीसारखे धागे स्कॉटलंडच्या डंडी शहरास मिळेनासे झाले होते आणि बंगालच्या तागाला भाव आला होता. १८५९ मध्ये बरानगरला यंत्रमागही आले. नंतर हुगळीच्या दोन्ही काठांवर धुराड्यांची रांगच उभी राहिली. जगाचे धान्य, कॉफी आणि साखर या गिरण्यांच्या गोणपाटात भरली जाऊ लागली.

मुंबईच्या गिरणगावाची माहिती असलेल्या वाचकास येथील जीवन अनोळखी वाटणार नाही. आपल्याकडे कोकणी आणि घाटी माणूस चाकरीला येई, तसा येथे बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा आणि तेलुगू मुलखातून येई; बायकामुले बहुधा गावीच. आपला जॉबर, तसा तेथला ‘सरदार’: नोकरी देणारा, खोली देणारा आणि व्याजाने पैसेही देणारा. भोंग्यावर दिवस उगवे आणि मावळे. मात्र मुंबईच्या गिरण्यांत देशी भांडवलदार पुष्कळ होते. हुगळीकाठच्या साहेबांची बोली दीर्घकाळ डंडीचीच राहिली.

या परमुलखी माणसांना जोडणारा एक सोहळा गावात आधीपासून होता, तो म्हणजे माहेशची रथयात्रा. जगन्नाथाचा हा उत्सव १३९६ पासून चालत आल्याचे सांगतात; सध्याचा पन्नास फुटी लोखंडी रथ १८८५ चा आहे. ओरिसाहून आलेल्या कामगारास तर हा आपल्याच घरचा देव भेटल्यासारखे होई.

शिक्षणाची चळवळही या पट्ट्यात लवकर रुजली. बरानगरात शशिपद बॅनर्जी यांनी १८७० मध्ये श्रमजीवींची संस्था काढली, रात्रशाळा चालवली, आणि १८७४ मध्ये ‘भारत श्रमजीवी’ हे मासिक सुरू केले. पुण्यात कृष्णराव भालेकरांचा ‘दीनबंधू’ निघाला तो १८७७ मध्ये. दोघांचा परस्परांशी परिचय असो वा नसो, प्रश्न एकच होता. पुढे सखाराम गणेश देउसकर या मराठी गृहस्थांनी बंगालीत ‘देशेर कथा’ हा ग्रंथ लिहून (१९०४) विणकरांच्या नाशाची कहाणी घरोघर पोहोचवली; १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. वंगभंगाच्या लाटेत, १९०६ साली, श्रीरामपुरातच ‘बंगलक्ष्मी’ ही स्वदेशी कापडगिरणी उभी राहिली. मराठीला मुद्रण देणाऱ्या गावाशी मराठी माणसाच्या लेखणीची अशी पुन्हा गाठ पडली.

१९४७ च्या फाळणीत तागाची बरीचशी शेते पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या इकडे राहिल्या. प्लास्टिकच्या पोत्यांनी उरलेसुरले कंबरडे मोडले. मात्र गिरण्यांमागोमाग आलेल्या भाषा गेल्या नाहीत. हुगळीकाठच्या त्या पट्ट्यात बंगालीच्या जोडीने हिंदी, उर्दू आणि तेलुगू माध्यमाच्या शाळा चालत आल्या आहेत. पणजोबांनी मुलूख सोडला, त्याला चार पिढ्या होऊन गेल्या. मुलगी मात्र अजून त्यांच्याच भाषेत पाढे म्हणते.