चुलीपर्यंत न पोचलेला सूर्य

पहिला लेसर उजळला १९६० साली. १९७२ साली अमेरिकेत जॉन नकोल्स आणि सहकाऱ्यांनी जाहीरपणे मांडले : हायड्रोजनच्या बारीक गोळीवर चहूकडून लेसर रोखला, की पृष्ठभागाचा प्लाझ्मा होऊन बाहेर उसळेल, आतला हायड्रोजन दाबला जाईल आणि सूर्यासारखा पेटेल. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेने त्यासाठी वीस झोतांचा लेसर उभारला. नाव ठेवले ‘शिवा’! तेवढ्याने भागले नाही. अखेर ५ डिसेंबर २०२२ रोजी १९२ झोतांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा ओतली, ३.१५ मिळाली. जगाने टाळ्या वाजवल्या. मी कलाशाखेचा पदवीधर, पण हिशेब मलाही कळतो : ते झोत सोडायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती. पन्नास वर्षांच्या त्या सबुरीला माझा सलाम. सूर्य पेटला, चूल अजून पेटायची आहे.