संगीत बारी, मोडनिंबची

संगीत बारी : तमाशाच्या दोन मुख्य शाखांपैकी एक. दुसरी शाखा म्हणजे ढोलकी बारी किंवा ढोलकी फड. फडात गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग असतो; राहुटी ठोकून तो गावोगाव फिरतो. संगीत बारीत वग नसतो, सोंगाड्या नसतो. तिथे गाणं, नाच आणि अदा एवढ्याच भांडवलावर रात्र काढायची असते, आणि ते भांडवल बायकांच्या हातात असतं. साथीला पेटी, तबला आणि ढोलकी. महाराष्ट्रात संगीत बारीची जी मोजकी ठाणी आहेत, त्यांत पुण्याचं आर्यभूषण थिएटर, दौंडजवळचं चौफुला, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं जामखेड आणि सोलापूर जिल्ह्यातलं मोडनिंब ही नावं जाणकारांच्या तोंडी कायम असतात.

मोडनिंब हे माढा तालुक्यातलं गाव पुणे–सोलापूर रस्त्यावर, टेंभुर्णी आणि मोहोळ यांच्या मध्ये आहे. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी रेल्वेही इथूनच जाते. १९०६ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वेची ही अरुंद वाट आता रुंद झाली आहे. लावणीचं थिएटर अशाच जागी तगतं. हमरस्त्याची रहदारी हवी, उसाचं बिल हातात पडलेला शेतकरी हवा आणि पंढरपूर-सोलापूरसारखी कानसेन गावं हाकेच्या अंतरावर हवीत. मोडनिंबला हे तिन्ही मिळालं. शिवाय ज्यांच्या रचनांवर लावणीचा मोठा डोलारा उभा आहे, ते शाहीर राम जोशी याच जिल्ह्याचे, सोलापूरचे.

थिएटरला आता ‘कला केंद्र’ म्हणतात. पाटी बदलली, आतली रचना फारशी बदललेली नाही. मध्ये रंगमंच आणि प्रेक्षागृह, भोवती खोल्या. या खोल्यांतून वेगवेगळ्या पार्ट्या राहतात. पार्टी म्हणजे एका मालकिणीचा संच : ती स्वतः, तिच्या बहिणी, भाच्या, मुली, एखादी बाहेरून आलेली नाचणारी, आणि पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला. थिएटरमालक जागा देतो आणि कमाईतला ठरलेला हिस्सा घेतो. रंगमंचावर पार्ट्या आळीपाळीने येतात. खरी परीक्षा मात्र खोलीत होते, बैठकीला. दहा-पंधरा रसिक लोडाला टेकून बसतात, फर्माईश करतात, आणि गाणारणीला समोरच्या माणसाचा चेहरा वाचत गावं लागतं.

‘संगीत’ हा शब्द इथे कुणी उगाच लावलेला नाही. गाणारीण इथे कशी घडते ते युरोपातल्या ऑपेराशेजारी ठेवून पाहता येतं. मराठी वाचकाला ऑपेरा म्हटलं की संगीत नाटक आठवतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं, आणि पुढच्या पन्नास वर्षांत नाटक कंपनी हीच गायकनटांची शाळा झाली. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत गेले ते सतरा वर्षांचे असताना. भास्करबुवा बखल्यांची तालीम त्यांना मिळाली ती कंपनीच्याच बिऱ्हाडात. युरोपातल्या ऑपेरा गायिकेला संगीतविद्यालय, मग एखाद्या नाट्यगृहाची उमेदवारी, आणि पियानोवर बसून भूमिका घोटून घेणारा तालीममास्तर, असा सगळा सरंजाम असतो. संगीत बारीतल्या मुलीला यातलं बहुतेक सगळं मिळतं, फक्त कागद मिळत नाही. तिचं बिऱ्हाड हेच विद्यालय, पेटीवाला हाच तालीममास्तर, आणि आई किंवा मावशी ही गुरू. फरक एवढाच की ऑपेराच्या गायिकेला नाव ठेवायची कुणाची छाती होत नाही.

शिक्षण सुरू होतं ते बसण्यापासून. लहान मुलगी आधी मागे बसते, टाळी धरते, झील ओढते. झील म्हणजे मुख्य गाणारणीने सोडलेली ओळ मागच्यांनी उचलून धरणं. वरवर सोपं काम; पण ओळ कुठे सोडली जाणार, कुठल्या मात्रेवर उचलायची आणि आवाज गाणारणीच्या वर जाऊ न देता कसा भरायचा, हे सगळं त्यात येतं. काही वर्षं झील ओढलेल्या मुलीला शेकडो लावण्या वहीविना पाठ असतात. मग पायांचं शिक्षण. पायात चाळ बांधणं हा घरातला विधी असतो, पूजा होते. दोरीत ओवलेल्या घुंगरांचे पदर घोट्यापासून वर चढवत बांधायचे, खाली कापडाची पट्टी, नाहीतर कातडी सोलते. दोन्ही पायांत मिळून काही किलो वजन होतं. ते घेऊन तासन् तास नाचायचं आणि तरी प्रत्येक घुंगरू हुकमात ठेवायचं : ढोलकी वाजेल तेव्हा वाजायचं, ती थांबली की गप्प बसायचं. चाळ बांधून चालताना आवाज न करता खोली ओलांडता आली की पाय तयार झाले, असं समजायला हरकत नाही.

याच्या पुढची पायरी बैठकीच्या लावणीची, आणि संगीत बारीचं खरं वैभव तिथे आहे. खडी लावणी उभ्याने, नाचत. बैठकीची लावणी बसून. नऊवारी शालूचा घोळ भोवती पसरलेला, एक गुडघा किंचित उचललेला, पदर हातात. नाचायला पाय नाहीत, तेव्हा सगळं काम डोळे, भुवया, मनगट आणि पदराचं टोक यांनी करायचं. ठुमरीत जसे बोल बनवतात तशी इथे एकच ओळ पुनःपुन्हा घेतात आणि दर खेपेला तिचा अर्थ बदलतात. आधी लाडिक, मग रुसवा, मग टोमणा, आणि पाचव्या-सहाव्या खेपेला त्याच शब्दांतून एकदम पोरकेपण. विरहाची बालेघाटी संथ चालते आणि रागाची चांगली ओळख मागते. छक्कड चटपटीत, तिथे जिभेला धार लागते. चांगल्या बैठकीत पिलू, भैरवी, यमन यांची नावं कुणी घेत नाही, पण सूर चुकला तर पेटीवाला मान न वळवता बोटाने तो दाबून दाखवतो. शिकवण्याची ही पद्धत गाणं थांबू देत नाही आणि मुलीला चारचौघांत लाजवतही नाही.

गुरू घरातलाच असे असं नाही. पंढरपूर मोडनिंबहून तासाभराच्या वाटेवर. तिथे २०१४ पर्यंत रुक्मिणीमातेचे पिढीजात पुजारी असलेल्या उत्पात घराण्यांत होळी-रंगपंचमीच्या दिवसांत लावणी गायची जुनी रीत आहे. त्या घराण्यातले ज्ञानोबा उत्पात हे लावणीचे मोठे जाणकार. बैठकीच्या लावणीत नाव मिळवलेल्या सत्यभामाबाई पंढरपूरकर त्यांच्याकडे शिकल्या. देवळातला पुजारी आणि बारीतली गाणारीण यांच्यातलं हे देणंघेणं बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतं. पंढरपुराला ते तितकंसं वाटत नाही.

वादकांची वाट निराळी. ते बहुधा पुरुष, आणि विद्या बापाकडून मुलाकडे. ढोलकीवाल्याचं काम नुसता ठेका धरण्याचं नसतं. ढोलकीचं एक तोंड धुमाचं, घुमणारं. दुसरं चाटीचं, कडक. कार्यक्रमाआधी तो दोऱ्या ओढून चाटी पेटीच्या सुराला आणतो, कान लावून टिचक्या मारतो, पुन्हा ओढतो. ढगाळ हवेत चामडं उतरतं, मग ऊब द्यावी लागते. तबला आणि ढोलकी एकाच बैठकीत असतात, ही संगीत बारीची खूण : ओळ चालू असताना तबला, आणि ओळ संपून चाळ बोलायला लागले की ढोलकी त्यावर झेप घेते. नाचणारीच्या पायांकडे बघून वाजवायचं की तिला आपल्या हातामागे पळवायचं, याची मूक चढाओढ रात्रभर चालते. या माणसांची नावं मात्र जाहिरातीत क्वचितच असतात. ढोलकीसम्राट म्हणून गाजलेले पांडुरंग घोटकर यांच्यासारखे अपवाद हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच.

कमाईचं गणित दौलतजादा या शब्दाभोवती फिरतं. तिकीट थोडकं, रसिकाने खूश होऊन दिलेली नोट ही खरी मिळकत. नोट घेऊन गाणारीण देणाऱ्याचं नाव घेते, मुजरा करते आणि सुटलेली ओळ अचूक तिथूनच पुन्हा धरते. हे धरणंही शिकावं लागतं. जमा पैशातून थिएटरचा हिस्सा, वादकांचा वाटा, घरभाडं, शालू, दागिने. उरेल ते मालकिणीचं, आणि त्यावर भाऊ, भावजया, त्यांची मुलं असं अख्खं कुटुंब. ढोलकी फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो, त्याच्या सुपाऱ्या नारायणगावला ठरतात. संगीत बारीला असा हंगाम नाही. ती बारमाही, आणि म्हणून थकवाही बारमाही.

कलावंतिणीचं आयुष्य टप्प्याटप्प्याने जातं. झील, मग पुढच्या रांगेत नाच, मग मुख्य गाणारीण, मग स्वतःची पार्टी. पाय थकले की बैठक आणि मग शिकवणी. ऑपेरात आवाज पिकायला तिशी उजाडते म्हणतात. बैठकीच्या लावणीतही भाव पिकतो तो चाळिशीनंतर. पण गिऱ्हाईक तोवर थांबत नाही, ही या धंद्याची जुनी खोट.

आणि या सगळ्याला जातीची चौकट आहे. बारीतल्या पुष्कळ स्त्रिया कोल्हाटी, डोंबारी, कळवात अशा समाजांतल्या. नाचणाऱ्या मुलीचं लग्न होत नसे. तिने कुणा एका धनवंताचा आसरा धरायचा, मुलं आईच्या नावाने वाढायची. करमाळा तालुक्यातल्या नेर्ल्याचे डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनात ही दुसरी बाजू लिहिली. १९९४ साली आलेल्या त्या पुस्तकाने लावणीवर जीव टाकणाऱ्या पुष्कळांना खाली मान घालायला लावली. नाव लावण्याची रीतही याच आयुष्यातून आली : आडनावाऐवजी गाव. नगरकर, सातारकर, पंढरपूरकर, संगमनेरकर. जाहिरातीवर ते दिमाखदार दिसतं. त्यामागे बापाचं नाव लावण्याची सोय नसणं हेही आहे.

याच चौकटीतून यमुनाबाई वाईकर निघाल्या. १९१५ चा जन्म, लहानपण फिरस्तीत, गाण्याचे पहिले धडे आईकडून. पुढे स्वतःची बारी उभी केली, बैठकीची लावणी दिल्लीपर्यंत नेली, आणि बिरजू महाराजांच्या कथकासमोर बसून अदा करून दाखवली. १९७५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ मध्ये पद्मश्री. २०१८ साली त्या गेल्या तेव्हा वयाची शंभरी ओलांडलेली होती. शास्त्रीय संगीताच्या दरबारात लावणीला ज्यांनी पाट मांडून दिला, त्यांत त्यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं.

सिनेमाने बारीला दिलं तसं घेतलंही. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला. ‘पिंजरा’ १९७२ चा, ‘नटरंग’ २०१० चा. प्रत्येक लाटेनंतर थिएटरात गर्दी वाढली आणि फर्माईश बदलली. रसिक सिनेमातलं गाणं मागू लागला, तेही सिनेमातल्याच लयीत. बैठकीच्या लावणीला लागणारी उसंत त्यात हरवली. पुढे ध्वनिमुद्रित गाण्यावर नाच आला, त्यामागून डीजे. एकदा पेनड्राइव्ह लागला की पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला तिघेही फुकट जातात, आणि त्यांच्याबरोबर झील ओढून शिकण्याची जागाही जाते. कला केंद्रात डीजे नको, पारंपरिक वाद्यांवरच लावणी व्हावी, ही मागणी कलावंतांमधूनच पुढे आली आहे.

उलट दिशेनेही काही घडलं. सोलापूर जिल्ह्यातच, अकलूजला, १९९० च्या दशकात तिथल्या मोहिते-पाटील घराण्याने लावणी स्पर्धा सुरू केली. बक्षिसांपेक्षा तिचा मोठा उपयोग तालमीचा झाला : पार्ट्या काही आठवडे आधी जुन्या लावण्या उकरून काढत, घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडून चाली पक्क्या करून घेत. लावणी नृत्यांगना सुरेखा पुणेकरांच्या ‘नटरंगी नार’ या कार्यक्रमाने लावणी शहरी नाट्यगृहांत नेली आणि तिकीट काढून येणारा बायकांचा प्रेक्षक मिळवला. भूषण कोरगावकर यांनी या जगावर ‘संगीत बारी’ हे पुस्तक लिहिलं. त्यातून त्याच नावाचा रंगमंचीय प्रयोग सावित्री मेधातुल यांच्या साथीने उभा राहिला, आणि बारीतल्या शकुंतलाबाई नगरकरांची अदा थिएटरचं तोंडही न पाहिलेल्या प्रेक्षकांनी पाहिली.

मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत आता लोककलेचा पदव्युत्तर अभ्यास करता येतो. सांस्कृतिक कार्य संचालनालय लावणी-तमाशाची शिबिरं घेतं. तिथे शिकणारी मुलगी आणि बारीत वाढलेली मुलगी यांच्यातला फरक पाच मिनिटांत कळतो. पहिलीला ठेक्याचं नाव ठाऊक असतं, दुसरीला तो सोडून परत कसा पकडायचा हे. दोघींना एका खोलीत सहा महिने बसवलं तर काय निघेल हे बघण्यासारखं ठरेल.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत थिएटरं बंद झाली. दौलतजादा थांबली, आणि या व्यवसायाला पगार, रजा, निवृत्तिवेतन यांतलं काहीच नाही, हे नव्याने उघडं पडलं. वयस्कर कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. तिच्यात बरीच वर्षं कलावंतांचे अ, ब, क असे वर्ग पाडलेले असत आणि महिन्याला अनुक्रमे ३,१५० रुपये, २,७०० रुपये, २,२५० रुपये मिळत. २०२४ पासून वर्ग मोडून सरसकट ५,००० रुपये झाले. अर्जासोबत कलेची सेवा केल्याचे पुरावे जोडावे लागतात : प्रमाणपत्रं, जाहिराती, कात्रणं. खोलीतल्या बैठकीची जाहिरात कधी छापली जात नसे.